तापमानाचा पट्टा : हलक्या विमानांच्या टू-स्ट्रोक इंजिनांचा आढावा

हलकं विमान, ट्राइक किंवा पॅरामोटर उडवायला शिकणाऱ्याच्या कानावर पहिल्या काही दिवसांतच एक आकडा पडतो : ६५०. एग्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. अमेरिकेतले वैमानिक हाच आकडा फॅरनहाइटमध्ये १२०० म्हणून पाठ करतात. आकडा चुकीचा नाही. पण काटा ६५० च्या बराच खाली असतानाही इंजिनं जाम झाली आहेत, पिस्टनला भोकं पडली आहेत, माणसं शेतात उतरली आहेत आणि काहींना उतरायलाही नीट जागा मिळालेली नाही. म्हणून ‘टू-स्ट्रोक विमान-इंजिनाला किती तापमान सुरक्षित?’ या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देणं धोक्याचं आहे. सुरक्षित तापमान हा एक पट्टा असतो. त्याला वरची हद्द असते तशी खालचीही असते, आणि तो एका नव्हे, तर निदान दोन मापकांवर एकत्र वाचावा लागतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. ते का खरं आहे, हे तपशिलात शिरल्यावरच पटतं.

बर्फावरून आकाशात

आपल्याकडे चेतक, लुना आणि आरएक्स-१०० यांच्यामुळे दोन पिढ्यांना टू-स्ट्रोक इंजिन माहीत आहे. घाटात दमछाक झालेली स्कूटर जाम झाली, की ती रस्त्याच्या कडेला घ्यायची, अर्धा तास थांबायचं आणि किक मारून पाहायची. हवेत रस्त्याची कडा नसते. विमानातल्या इंजिनाच्या तापमानाकडे वेगळ्या गांभीर्याने पाहावं लागतं ते या साध्या फरकामुळे.

या इंजिनांचं मूळही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. हलक्या विमानांच्या जगात सर्वाधिक पसरलेलं नाव म्हणजे ऑस्ट्रियातल्या गुन्स्किर्शेनची रोटॅक्स कंपनी. १९७० मध्ये ती कॅनडाच्या बॉम्बार्डिए समूहात गेली आणि त्यांच्या स्की-डू या बर्फगाड्यांची इंजिनं बनवत राहिली. १९८२ मध्ये अमेरिकेने अतिहलक्या विमानांसाठी वेगळा नियम केला. रिकाम्या वजनाला २५४ पौंडांची मर्यादा घातली, पण वैमानिकाला परवान्याची अट ठेवली नाही. हलक्या, स्वस्त आणि वजनाच्या मानाने ताकदवान इंजिनांची गरज एकदम वाढली आणि बर्फगाडीचं टू-स्ट्रोक इंजिन विमानावर चढलं. पुढे ४४७, ५०३, ५८२ ही खास विमानांसाठी घडवलेली रूपं आली. भारतात बंगळूरच्या राजहंस अल्ट्रालाइट्सच्या एक्स-एअर विमानांवर हीच कुळी दिसते.

बर्फगाडीचं इंजिन थंड हवेत चालतं आणि त्याच्यावरचा भार सारखा वर-खाली होतो. विमानात तेच इंजिन उड्डाणापासून चढण संपेपर्यंत सलग पूर्ण ताकद देतं, मग तासभर एका ठरावीक गतीने चालतं, आणि उतरताना थंड वाऱ्यात जवळपास मोकळं फिरतं. तापमानाच्या सगळ्या अडचणी या वेगळ्या दिनक्रमातून येतात. या इंजिनांच्या पुस्तिकांत निर्मात्यानेच स्पष्ट बजावलेलं असतं, की इंजिन अचानक बंद पडू शकतं, म्हणून ते बंद पडल्यावर सुरक्षित उतरता येणार नाही अशा ठिकाणी आणि अशा उंचीवर उडू नका. ही ताकीद कंपनीच्या वकिलांनी घातलेली औपचारिकता समजून पान उलटणं सोपं आहे. पुढचं सगळं वाचताना मात्र ती मनात असायला हवी.

उष्णता जाते कुठे

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला एका जाळानंतर एक मोकळा फेरा मिळतो. टू-स्ट्रोकला तो मिळत नाही. ५८२ इंजिन ६५०० आरपीएमला ६५ अश्वशक्ती देतं, तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे १०८ वेळा जाळ होतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा प्रोपेलरपर्यंत पोचतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन आणि न जळताच निसटलेल्या इंधनाच्या रूपाने बाहेर जाते. त्यातली काही सिलिंडरच्या भिंतींतून पंख्याच्या हवेत किंवा कूलंटमध्ये जाते, बरीचशी एग्झॉस्टमधून निघून जाते आणि थोडी पिस्टनच्या माथ्यावर साठते.

पिस्टनला थंड ठेवण्याचं मोठं काम आत येणारं पेट्रोलच करतं. क्रॅंककेसमध्ये शिरणारं ताजं मिश्रण पिस्टनच्या पोटाला लागतं, तिथे पेट्रोलची वाफ होते आणि उष्णता घेऊन जाते. त्याच पेट्रोलमधलं ५० ला १ या प्रमाणातलं तेल बेअरिंगांना आणि सिलिंडरच्या भिंतीला वंगण पुरवतं. म्हणजे एकच धार तीन कामं करते : ताकद, वंगण आणि थंडावा. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर तिन्हींवर एकदम घाव बसतो. फोर-स्ट्रोक विमानांचे वैमानिक इंधन वाचवायला मिश्रण जाणूनबुजून लीन करतात. टू-स्ट्रोकमध्ये ती सवय जीवघेणी आहे.

आकडे काय सांगतात

रोटॅक्सच्या तीन परिचित इंजिनांच्या मर्यादा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र साफ होतं. ४४७ आणि ५०३ ही हवेने थंड होणारी इंजिनं. त्यांच्या सिलिंडर हेडचं तापमान, म्हणजे सीएचटी, नेहमीच्या उड्डाणात १९० ते २३० अंशांत असावं. कमाल मर्यादा ४४७ साठी २६० आणि ५०३ साठी २५०. दोन सिलिंडरांत २० अंशांहून जास्त फरक नसावा. एग्झॉस्ट वायूचं तापमान, म्हणजे ईजीटी, ४६० ते ५८० च्या पट्ट्यात, कमाल ६५०, आणि दोन सिलिंडरांतला फरक २५ च्या आत.

५८२ हे कूलंटने थंड होणारं इंजिन. त्याचं सीएचटी ११० ते १३०, कमाल १५०, आणि फरक फक्त १० अंश. ईजीटी ५०० ते ६२०, कमाल तेच ६५०. शिवाय कूलंटचा तिसरा आकडा : ६५ ते ८०.

या आकड्यांत तीन गोष्टी दडलेल्या आहेत. ५०३ ला रोजचं असलेलं २०० अंश हेड तापमान ५८२ चा घात करील. म्हणून शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्या इंजिनाला लावायचा नाही, आपल्या इंजिनाची आणि त्याच आवृत्तीची पुस्तिका हाताशी ठेवायची. दुसरं, प्रत्येक पट्ट्याला खालचं टोक आहे आणि निर्मात्याने ते उगाच छापलेलं नाही. तिसरं, दोन सिलिंडरांतल्या फरकाला स्वतंत्र मर्यादा दिली आहे. दोन्ही काटे हिरव्या पट्ट्यात असले, पण त्यांच्यात ४० अंशांची दरी पडली असली, तर त्या इंजिनात बिघाड सुरू झालेला आहे.

गरमीने जाम होणं

जास्त तापमानाने इंजिन मरतं ते दोन वाटांनी, आणि त्या वाटा वेगवेगळ्या काट्यांवर दिसतात.

पहिली वाट लीन मिश्रणाची. कार्ब्युरेटरचा रबरी सॉकेट वयाने तडकतो आणि त्या भेगेतून जादा हवा आत जाते. क्रॅंकशाफ्टचं सील सुकतं. इंधनपंपाचा पडदा कडक होतो. जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रात, कचरा अडकतो. यातलं काहीही झालं की ज्वलनाचं तापमान वाढतं आणि ईजीटी काही सेकंदांत चढतं. दोन सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा क्रॅंककेस वेगळा असल्यामुळे अशी गळती बहुतेक वेळा एकाच सिलिंडरवर दिसते. फरकाची मर्यादा २५ अंशांवर ठेवण्यामागचं हे कारण आहे. पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू २०० अंशांनंतर भराभर नरम पडत जातो. माथ्याचा मध्यभाग सगळ्यात गरम असतो, म्हणून भोक बऱ्याचदा तिथेच पडतं. एग्झॉस्ट पोर्टची बाजू त्याखालोखाल तापते. तिथला धातू घासून रिंगांवर सारवला जातो, रिंगा अडकतात आणि इंजिन थांबतं.

दुसरी वाट थंडावा कमी पडण्याची. पंख्याचा पट्टा सैल झाला किंवा तुटला, रेडिएटरमधलं कूलंट गळालं, हवा थेट लागण्यावर अवलंबून असलेलं इंजिन तीव्र चढणीत कमी वेगाने ओढलं, तर सीएचटी चढतं आणि ईजीटी जागच्या जागी राहतं. तेल रिंगांच्या खाचांत जळून कार्बन होतं, रिंगा चिकटतात, ज्वाला पिस्टनच्या कडेने खाली उतरते आणि भिंतीवरचा तेलाचा थर पुसला जातो.

यात एक फसवा प्रकार आहे, तो प्रत्येक वैमानिकाला माहीत असायला हवा. डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा शेवटचा भाग ज्वालेची वाट न पाहता एकदम पेटणं. त्यात उष्णता एग्झॉस्टकडे जाण्याऐवजी हेड आणि पिस्टनमध्ये घुसते. त्यामुळे सीएचटी वाढतं आणि ईजीटी चक्क उतरतं. फक्त ईजीटीकडे पाहणाऱ्याला वाटतं, इंजिन छान थंड चाललं आहे.

थंडीने जाम होणं

हा भाग सर्वांत कमी बोलला जातो, म्हणून इथे थोडं थांबू या. ५०३ च्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर. पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू आणि सिलिंडरच्या आतली बिडाची बाही गरम झाल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. दोन्ही १५० अंशांनी तापले तर पिस्टनचा व्यास साधारण ०.२२ मिलिमीटरने वाढतो, बाहीचा ०.१२ ने. फरक ०.१ मिलिमीटर. इंजिन बनवणाऱ्याने हा फरक गृहीत धरूनच फट ठेवलेली असते. पण त्या हिशेबात दोघं बरोबर तापतील असं मानलेलं आहे. थंड इंजिनाला सुरू केल्या केल्या पूर्ण थ्रॉटल दिला, तर हलका पिस्टन क्षणात तापतो, जाड सिलिंडर मागे राहतो, फट संपते आणि पिस्टन पकडला जातो. त्या क्षणी ईजीटी आणि सीएचटी दोन्ही मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. मर्यादा ओलांडलेलीच नसते, तरी इंजिन गेलेलं असतं.

कूलंटच्या इंजिनांत हाच घात हवेतही होतो. लांब उतरणीत थ्रॉटल बंद ठेवून वैमानिक खाली येतो. रेडिएटरवर जोराचा वारा असतो, त्यातलं कूलंट गार पडतं. धावपट्टी चुकते म्हणून एकदम पूर्ण थ्रॉटल दिला जातो. पिस्टन फुगायला लागतो आणि नेमक्या त्या वेळी गार कूलंट सिलिंडरच्या भोवती येऊन त्याला आकसून धरतं. ५८२ च्या नंतरच्या निळ्या हेडच्या रूपात थर्मोस्टॅट आणि कूलंटचा अंतर्गत फेरा सुधारला, तो याच धोक्यावर उपाय म्हणून. जुन्या हेडची इंजिनं अजून उडत आहेत. त्यांच्या वैमानिकांनी उतरणीत इंजिन अधूनमधून थोडं कामाला लावून कूलंट ६५ च्या खाली जाऊ न देणं, हाच खरा उपाय आहे.

यातून निघणारे नियम थोडे आहेत, पण ते पाळायला संयम लागतो. जमिनीवर कमी आरपीएमला इंजिन तापू द्यायचं. कूलंट ६५ च्या वर आल्याशिवाय, किंवा हवेच्या इंजिनात सीएचटी वाढून स्थिर झाल्याशिवाय, उड्डाण करायचं नाही. थ्रॉटल ओढायचा तोही हळू, द्यायचा तोही हळू. मागे रांगेत चार विमानं उभी आहेत म्हणून या मिनिटांत काटकसर करू नये.

दोन काटे एकत्र

टू-स्ट्रोकचं तापमान प्रोपेलरशिवाय समजत नाही. प्रोपेलरचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, जास्त असला तर इंजिनावर भार जास्त पडतो, पूर्ण आरपीएम मिळत नाही, ईजीटी कमी दिसतं आणि सीएचटी जास्त. पिच कमी असला तर इंजिन हलकं होऊन सुसाट फिरतं, ईजीटी वर जातं आणि सीएचटी खाली राहतं. अशा वेळी मेकॅनिक ईजीटी कमी करायला मोठा जेट बसवतो. आकडा जागेवर येतो, पण दोष प्रोपेलरमध्ये असल्याने इंजिन आता भलत्याच मिश्रणावर चालतं. म्हणून जेटला हात लावण्याआधी, पूर्ण थ्रॉटलला निर्मात्याने सांगितलेला आरपीएम येईल असा पिच बसवून घेणं, हा सगळीकडे मान्य झालेला क्रम आहे.

कार्ब्युरेटरचे भागही थ्रॉटलनुसार वाटून घेतलेले असतात. पूर्ण थ्रॉटलला मेन जेटचं राज्य, मधल्या टप्प्यात निडल आणि तिच्या क्लिपच्या खाचेचं, बंद थ्रॉटलजवळ आयडल जेटचं. पूर्ण थ्रॉटलला ईजीटी उत्तम आणि सरळ उड्डाणाच्या मधल्या टप्प्यात ते ६४० ला टेकतं, असं बऱ्याच विमानांत आढळतं. तिथे मेन जेट बदलून उपयोग नाही. क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर उचलली जाते आणि मधला टप्पा रिच होतो, म्हणजे तिथे पेट्रोल जास्त येतं.

सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे अर्ध्या थ्रॉटलवर वेगाने खाली येणं. वारा प्रोपेलरला ढकलतो, भार निघून जातो, आरपीएम चढा राहतो, पण थ्रॉटल कमी असल्याने पेट्रोल आणि त्यासोबतचं तेल कमी येतं. ईजीटी वर सरकतं आणि सीएचटी त्याच वेळी उतरत असतं. नाक थोडं वर घेऊन भार परत आणणं किंवा थ्रॉटलचा टप्पा बदलणं, हा अनुभवी प्रशिक्षकांचा सल्ला आहे, आणि त्यामागचं कारण वरच्या हिशेबात आहे.

दोन काट्यांचा स्वभावही वेगळा. ईजीटी सेकंदांत बोलतं, सीएचटीला मिनिटं लागतात. पिस्टनचा माथा सीएचटीच्या कितीतरी आधी तापलेला असतो. म्हणून अचानक आलेल्या संकटाची खबर ईजीटी देतं आणि हळूहळू वाढणाऱ्या आजाराची सीएचटी. एकच मापक बसवायचं असेल तर कोणतं, हा वाद जुना आहे. दोन्ही बसवा, हेच त्याचं प्रामाणिक उत्तर आहे. इंजिनाच्या किमतीपुढे मापकाची किंमत किरकोळ आहे.

ऋतू, उंची आणि पेट्रोल

ठरावीक जेटचं कार्ब्युरेटर हवेची घनता मोजत नाही. हवा दाट झाली की मिश्रण लीन होतं, विरळ झाली की रिच. दाटपणातला फरक जितका, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मिश्रण सरकतं. दख्खनच्या पठारावरचं उदाहरण घेऊ. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत जेट जुळवून ईजीटी ६२० ला बसवलं. डिसेंबरच्या पहाटे हवा ९ अंशांवर आली, म्हणजे सुमारे ११ टक्के दाट झाली. मिश्रण ५ टक्क्यांच्या आसपास लीन झालं. काहीही न बदलता, काहीही न बिघडता ईजीटी लाल रेषेकडे सरकलं. पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर जुळवलेलं इंजिन कोकणच्या किनाऱ्यावर आणलं, तर तापमान तेच असूनही ते ३ टक्क्यांनी लीन चालतं. गरम दिवशी इंजिन तापतं, हा समज हेडच्या बाबतीत खरा आहे, पण पिस्टन जाळणारं लीन मिश्रण थंड सकाळी भेटतं. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेत उंची आणि तापमानानुसार जेट बदलण्याचा तक्ता दिलेला असतो. ऋतू बदलला की तो उघडायचा असतो.

पेट्रोलचा प्रश्न भारतात आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. २०२५ पर्यंत देशभरातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२० पेट्रोल आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरतं जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जेट जुनाच ठेवला तर मिश्रण ७ ते ८ टक्क्यांनी लीन होतं. हिवाळ्यातले ५ टक्के त्यात मिळवले, की सुरक्षित पट्ट्यातली सगळी शिल्लक संपते. ई-२० ची ऑक्टेन क्षमता चांगली आहे आणि त्याची वाफ होताना ते जास्त उष्णता शोषतं, या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. पण ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी वाढलं की टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतं, आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगवतं. टू-स्ट्रोक उडवणाऱ्याने निर्मात्याने परवानगी दिलेल्या इथेनॉलच्या प्रमाणाबाहेर जाऊ नये. इंधन बदलायची वेळ आलीच, तर जेट आणि ईजीटी जमिनीवर नव्याने तपासल्याशिवाय उडू नये. विमानतळावर ॲव्हगॅस मिळालं तर त्यात इथेनॉल नसतं, पण शिसं असतं. ते प्लगवर आणि रिंगांच्या खाचांत साठतं, म्हणून कार्बन काढायची पाळी लवकर येते.

तेलाबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे. ‘थोडं जास्त तेल घाला, इंजिन सुरक्षित राहील.’ टाकीत तेल वाढलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट लीन होतं. प्रमाण पुस्तिकेतलंच ठेवावं. तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचं, एपीआय टीसी दर्जाचं असावं. बोटींच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू ३ तेल पाण्याने थंड, कमी तापमानाच्या इंजिनांसाठी घडवलेलं असतं. २०० अंशांच्या हेडमध्ये ते आपलं काम करू शकत नाही.

मापक खरं बोलतंय का?

ईजीटीचा सेन्सर रोटॅक्समध्ये साधारणपणे पिस्टनच्या तोंडापासून १०० मिलिमीटरवर एग्झॉस्टमध्ये बसवतात. तो लांब गेला की आकडा घटतो. ६५० ची मर्यादा त्याच जागेसाठी खरी आहे. सीएचटीचा सेन्सर प्लगखालची कडी असते. प्लगच्या वॉशरवर कडी चढवली किंवा प्लग सैल राहिला, तर आकडा भरकटतो.

दोन्ही सेन्सर थर्मोकपल असतात, दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून मिलिव्होल्ट निर्माण करणारे. सीएचटीला पूर्वापार जे प्रकारचा, ईजीटीला के प्रकारचा. बदलताना गल्लत झाली आणि जे प्रकारच्या मापकाला के प्रकारची कडी जोडली, तर २०० अंश तापलेलं हेड १५५ च्या आसपास दिसतं. वैमानिक निर्धास्त आणि इंजिन जळतंय. जुन्या काट्याच्या मापकांची वायर लांबीनुसार जुळवलेली असते. ती कापून आखूड केली तरी आकडा बदलतो.

पडताळणी मात्र अगदी साधी आहे. सीएचटीची कडी काढून उकळत्या पाण्यात बुडवायची. समुद्रकिनारी काटा १०० दाखवेल, पुण्यात ९८. पाच-सहा अंशांचा फरक टिपून ठेवायचा आणि उड्डाणात हिशेबात धरायचा. त्याहून जास्त असेल तर मापक बदलायचं. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर आपला जीव टांगलेला आहे. हंगामाच्या सुरुवातीला हे न करता उडणं मला कधीच पटलेलं नाही.

धातूवर लिहिलेलं

आकड्यांवर शेवटचा शिक्का धातू मारतो. एग्झॉस्ट पाइप उतरवून पोर्टमधून टॉर्चने पिस्टन पाहायचा. माथ्यावर एकसारखा तपकिरी-काळा थर आणि पोर्टांच्या समोर, जिथे ताजं मिश्रण आदळतं तिथे, धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे दिसले तर मिश्रण ठीक आहे. पट्टे मुळीच नसतील आणि माथा पांढुरका, कोरडा असेल, तर इंजिन लीन चालत आहे. अर्धा माथा धुऊन निघाला असेल, तर रिच. प्लगच्या चिनी मातीच्या टोकाचा रंगही हेच सांगतो, पण प्लग वाचायचा तर इंजिन त्या टप्प्यावर चालत असताना बंद करावं लागतं. आयडलवर पाच मिनिटं फिरवून काढलेला प्लग आयडलचीच हकिगत सांगतो.

जाम झालेल्या पिस्टनवरच्या ओरखड्यांची जागा कारण दाखवते. परिघावर चार ठिकाणी, गजन पिनच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना, उभे ओरखडे असतील तर तो थंडीने किंवा घाईने जाम झाला. फक्त एग्झॉस्टच्या बाजूला सारवलेला धातू असेल तर लीन मिश्रण किंवा जादा तापमान. सगळ्या बाजूंनी कोरडे, बारीक ओरखडे असतील तर तेल कमी पडलं. माथ्याच्या कडेला वाळूने टोचल्यासारखे खड्डे असतील तर डेटोनेशन. जाम झालेलं इंजिन नुसतं सिलिंडर होन करून परत चढवायचं नसतं. हे ओरखडे वाचून मूळ कारण दूर केल्यावरच ते विमानावर जावं, नाहीतर तोच पिस्टन त्याच जागी पुन्हा पकडला जाईल.

मतभेद कुठे आहेत

जाणकारांत काही मुद्द्यांवर खरे मतभेद आहेत. सिंथेटिक तेल कमी कार्बन सोडतं, पण महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या विमानात बेअरिंगांना गंजापासून खनिज तेलाइतकं वाचवत नाही, असं मानणारा मोठा गट आहे. जे विमान आठवड्याला उडतं आणि जे पावसाळाभर शेडमध्ये असतं, त्यांचं उत्तर एक असणं शक्य नाही. उड्डाणात मिश्रण बदलण्याची सोय असावी का, यावरही दोन बाजू आहेत. उंचीनुसार मिश्रण सुधारणारी यंत्रं उपयोगी पडतात, पण त्यांतला बिघाड लीनच्या बाजूला झाला तर सगळं नुकसान होतं. सखल भागात उडणाऱ्याने ती गुंतागुंत टाळलेली बरी, डोंगराळ मुलखात ती सार्थ ठरते.

ओव्हरहॉलच्या मुदतीबद्दल मतभेदाला जागा कमी आहे. या इंजिनांना निर्मात्याने ३०० तास किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते, अशी मुदत दिली आहे. रोटॅक्सच्याच फोर-स्ट्रोक ९१२ कुळीला ती २००० तासांपर्यंत मिळते. ‘माझं इंजिन १०० तासांचंच आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्याचं इंजिन १५ वर्षांचं असेल, तर त्याची सीलं आणि सॉकेट संपलेली आहेत, आणि ईजीटीच्या दोन काट्यांतली दरी हे आज ना उद्या दाखवणारच. आता ५८२ चंही उत्पादन थांबलं आहे. म्हणजे यापुढे या इंजिनांचं सरासरी वय फक्त वाढत जाणार.

निष्कर्ष

सगळ्या पुराव्याचा सारांश असा : सुरक्षित तापमान म्हणजे आपल्याच इंजिनाच्या पुस्तिकेतला पट्टा, त्याची दोन्ही टोकं, दोन सिलिंडरांतला फरक आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे आपल्या इंजिनाची रोजची सवय. शेवटचा भाग कोणत्याही पुस्तिकेत नसतो, तो वैमानिकालाच लिहून काढावा लागतो. उड्डाण, चढण, सरळ उड्डाण आणि उतरण या चार टप्प्यांवर आरपीएम, दोन ईजीटी, दोन सीएचटी, कूलंट आणि बाहेरच्या हवेचं तापमान टिपून ठेवायचं. दहा-बारा उड्डाणांत एक ठसा तयार होतो. एरवी ५७० दाखवणारं ईजीटी एखाद्या दिवशी त्याच हवेत, त्याच आरपीएमला ६१० दाखवू लागलं, तर ते मर्यादेच्या आत असलं तरी उतरायचं आणि सॉकेट, सील, पंप तपासायचा. ६५० ओलांडायची वाट पाहायची नाही.

टू-स्ट्रोकला बेभरवशाचं इंजिन म्हणायची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. हे इंजिन अचानक थांबतं हे खरं, पण त्यातल्या बहुतेक वेळी त्याने आधी काही तास, काही आठवडे दोन काट्यांच्या अंतरातून, बदललेल्या आकड्यातून, पिस्टनच्या रंगातून सांगितलेलं असतं. ज्यांनी ते नोंदवलं आणि वेळेवर जमिनीवर उतरले, त्यांच्या अपघाताची बातमी होत नाही. नव्याने उडू लागलेल्या प्रत्येकाने पहिल्याच उड्डाणापासून या नोंदींची वही ठेवावी, आणि प्रशिक्षकांनी ती पाहिल्याशिवाय एकट्याला सोडू नये.